दोन बंद पाकिटं

४ फेब्रुवारी

चि. गोटू यास आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. चार पानांत तू तीन वेळा तेच विचारलंस, म्हणून आधी त्याचं उत्तर देऊन टाकते. नाही, मी तुमच्याकडे कायमची राहायला येणार नाही. न्हाणीघरात घसरले त्याला पाच महिने झाले. मनगट जुळलं, डब्याचं झाकण उघडता येतं, लिहिता येतं हे तर तुला दिसतंच आहे. सूनबाईंनी माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली हे वाचून मला ओशाळल्यासारखं झालं, पण त्या खोलीत तू तुझी कायद्याची पुस्तकं लाव. मला माझ्या दोन खोल्या, माझी खिडकी आणि खालच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज बरा. तेवढा एकच आवाज मला कानातल्या यंत्राशिवाय ऐकू येतो. फोन कानाला लावला की ते यंत्र शिट्टी मारतं, म्हणून आपली पत्रंच चालू राहू देत.

आता भांडण. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याचा तुमच्या खात्याचा मसुदा वर्तमानपत्रात आला आहे. पस्तीस वर्षं विमा कंपनीत हप्त्यांची कोष्टकं मांडल्यामुळे बारीक टाइप दिसला की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. कलम नऊ वाचलं. खेळ चालवणाऱ्या कंपन्यांना शिक्षा, हे एक वेळ समजलं. पण “जो कोणी घरी अथवा अन्यत्र बसून असा खेळ खेळेल” त्यालाही सहा महिने कैद? हे “घरी अथवा अन्यत्र” तुझं आहे. शाळेच्या निबंधातसुद्धा तू असंच लिहायचास, समोरच्याला पळायला वाट म्हणून ठेवायची नाही.

मी रोज दुपारी चार ते सहा टॅबलेटवर पोकर खेळते हे तुला ठाऊक आहे. आम्ही पाच जण आहोत आणि कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. एक गवंडी आहे, परांचीवरून पडून पाय मोडल्यामुळे घरी बसलेला. एक रात्रपाळीची नर्स, ती उठल्यावर चहा घेत डावाला बसते. एक निवृत्त बसचालक, तो प्रत्येक डावात हूल देतो आणि प्रत्येक डावात पकडला जातो. एक जण स्वतःला मौनी म्हणवतो, त्याच्याबद्दल आमची माहिती एवढीच. महिन्याकाठी माझं जे जातं ते वर्तमानपत्राच्या बिलाहून कमी आहे. आणि विमा म्हणजे तरी काय होतं? माणूस कधी मरेल यावर कंपनी पैज लावायची आणि आकडा मी काढून द्यायची. त्याबद्दल मला तुरुंग नाही, भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

माझ्यासाठी कोठडी बघशील तेव्हा खिडकीची बघ. राग आला तर पोस्टाने पाठव, लोभ मात्र जवळच ठेव.

तुझी आत्या

१३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकट्याने हसत बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं की मसुद्यात विनोद कुठे सापडला. खिडकीच्या कोठडीचं टिपून ठेवलं आहे.

कलम नऊ मीच लिहिलं. कोणी सांगितलं म्हणून नाही, मला पटलं म्हणून. बाबांचं दुकान तू लग्नासमारंभाला आलीस की पाहायचीस, मी ते रोज पाहिलं. दुरुस्तीला आलेलं एका शिक्षकांचं मनगटी घड्याळ बाबांनी पत्त्यांच्या अड्ड्यावर लावलं आणि घालवलं. ते गृहस्थ तीन महिने दर शनिवारी येत राहिले आणि आई गल्ल्यामागे उभी राहून सांगत राहिली की सुटा भाग अजून आलेला नाही. पुढे ते वाक्य मलाही पाठ झालं. मग दुकान गेलं, मग घर गेलं. बाबा वाईट नव्हते, ते तुला मी काय सांगू, तुझाच धाकटा भाऊ. त्यांना कोणीतरी मागून कॉलर धरून थांबवायला हवं होतं. कायदा म्हणजे तो हात, एवढीच माझी समजूत आहे. आता तर अड्ड्यापर्यंत चालत जायचीही गरज उरलेली नाही, अड्डा उशाशी येऊन बसतो.

मसुद्यावर महिनाअखेरपर्यंत हरकती घेतो आहोत. सगळ्या आधी माझ्या टेबलावर येतात. आजवर चाळीस आल्या, चाळीसही कंपन्यांच्या वकिलांच्या, गुळगुळीत कागदावर. खेळणाऱ्या एकानेही चार ओळी लिहिलेल्या नाहीत. तुझं म्हणणं असेल तर रीतसर पाठव, निदान मी तरी मन लावून वाचेन.

मागच्या खोलीला पडदेही लावले आहेत, हे सहज कळवतो. तू रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझा
गोटू

२१ फेब्रुवारी

चि. गोटू यास अ. उ. आ.

रीतसर पाठवलं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. तुझ्या टेबलावर ते या पत्राच्या आधी येईल, पण त्यातली एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही आणि ती तुला सरकारी कागदातून कळावी हे मला बरं वाटेना.

मी घसरले त्या दिवशी दोन तास न्हाणीघरात पडून होते. शिंप्याने दार उघडलं हे तुला माहीत आहे. त्याला कसं कळलं हे तू कधी विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. चार वाजले, सव्वाचार झाले, मी पोकरच्या टेबलावर आले नाही म्हणून गवंड्याने बाजूच्या चौकटीत लिहून विचारलं की आजी कुठे आहेत. एकटी राहते म्हणून नर्सने पूर्वीच माझ्याकडून शिंप्याचा नंबर घेऊन ठेवला होता. तिने फोन केला. बसचालकाने म्हणे डाव थांबवून ठेवायला लावला होता.

हे सगळं हरकतीत लिहिलं आहे. पूर्ण नाव, पत्ता, वय एकाहत्तर, टेबलावरचं नाव, खेळण्याची वेळ, सहा वर्षांत किती डाव बसले आणि किती गेले त्याचं कोष्टकही जोडलं आहे. शेवटी लिहिलं की शहाण्यासुरत्या बाईने आपल्या पैशाने, आपल्या घरात, आपल्या डोक्याने चूक करायची ठरवली तर सरकारने तिला ती चूक करू द्यावी. वाक्य लांबलं, पण तोडायला मन झालं नाही.

पडद्यांचा रंग कळव. येणार नाही, पण कळव. माया आहे तशी राहू दे.

आत्या

२ मार्च

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तुझी हरकत वाचली. चूक माझी. रीतसर पाठव असं मी थट्टेत लिहिलं आणि तू ते अक्षरशः घेतलंस. तू दुसरं काही करणार नाहीस हे मला कळायला हवं होतं.

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक पडतो आणि या विषयावरच्या प्रत्येक कागदाची एक प्रत तपास शाखेत जाते. जुन्या जुगारबंदी कायद्याखाली घरात बसून पैसे लावणं आजही गुन्हा आहे. तो कोणी कोणाला लावत नाही एवढंच. तपास शाखेला नवा कायदा यायच्या आधी एखादं प्रकरण हवंच आहे. तू त्यांना नाव, पत्ता, वेळ आणि सहा वर्षांचं कोष्टक स्वतःच्या अक्षरात बांधून दिलं आहेस. सरकारी वकिलालासुद्धा असा कबुलीजबाब लिहून घेता आला नसता.

कागद माझ्या खणात आहे. क्रमांक घातलेला नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत बिनक्रमांकाचा कागद खणात ठेवण्याची ही पहिलीच वेळ, आणि खण उघडताना मला आईचा तो सुटा भाग आठवतो. तू फक्त दोन ओळी पाठव की हरकत मागे घेते. हवं तर तेच सगळं बिननावाने लिही, मी वाचतो, पुढे मांडतो.

दोन तास पडून होतीस हे वाचून मी आणि तुझी सूनबाई दोघंही जेवलो नाही. पडदे निळे आहेत. हट्ट सोड, माया सोडू नकोस.

गोटू

८ मार्च

चि. गोटू यास अ. उ. आ.

निळा चांगला. कागदाला क्रमांक घाल.

का ते सांगते. मी वसतिगृहात शिकत होते आणि तुझे बाबा घरी, चौदा वर्षांचे, तेव्हा आम्ही पोस्टाने पत्ते खेळायचो. मी गड्डी पिसून, न बघता, पाच-पाच पत्ते दोन पाकिटांत घालायची, खळ लावून बंद करायची आणि दोन्ही त्याला पाठवायची. त्याने एक ठेवायचं आणि दुसरं न उघडता मला परत करायचं. मग दोघांनी आपापले पत्ते लिहून कळवायचे. पैज म्हणजे सुट्टीत घरच्यांचे बूट कोणी पुसायचे. मी आठ वेळा हरले. माझी खळ पांढरी सुकायची आणि परत आलेल्या पाकिटावर घरातल्या बाटलीतला तपकिरी डिंक असायचा. आठही वेळा.

मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. मी हसले आणि बूट पुसले. मग तो मोठा झाला, दुकान काढलं, अड्ड्यावर जायला लागला, आणि मी तुझ्या आजीला सांगत राहिले की तो घड्याळांचे भाग आणायला गेला आहे. तुझ्या आईच्या आधी ते वाक्य माझं होतं. हे मी कोणाला बोलले नव्हते.

तू म्हणतोस कायदा म्हणजे कॉलर धरणारा हात. तेव्हाही बंदीच होती, गोटू. सायकलच्या दुकानाच्या मागच्या दाराने अड्ड्यात जावं लागायचं. तीन-तीन दिवस तो घरी गेला नाही तरी तिथल्या कोणी विचारलं नाही, कारण विचारणाराही लपूनच बसलेला. मी सव्वाचारपर्यंत आले नाही तर माझी चौकशी करणारी चार माणसं आहेत. माझ्या भावाला पत्त्यांनी बुडवलं की लपवण्याने, यावर तू आणि मी जन्मभर भांडू शकतो. पण मी आता लपणार नाही, आणि माझ्यासाठी तूही कागद लपवायचा नाहीस. आपल्या घरात ते पुष्कळ झालं.

भिऊ नकोस. तुझ्यावर माझा जीव आहे, तो क्रमांक घातल्याने कमी होत नाही.

आत्या

२० मार्च

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

क्रमांक घातला. एक्केचाळीस.

काल बैठक होती. वकिलांच्या चाळीस हरकती वीस मिनिटांत उरकल्या. तुझी मोठ्या साहेबांनी स्वतः वाचायला घेतली, कोष्टकासकट, आणि बसचालकाने डाव थांबवला तिथे थांबून चष्मा पुसला. मग म्हणाले की या बाईंना बोलावता येईल का, कोणी ओळखतं का. मी सांगितलं की माझी आत्या. साहेबांनी शांतपणे विचारलं की हे आधी का कळवलं नाही. मी म्हणालो की कागद अकरा दिवस माझ्या खणात होता. तेही सांगून टाकलं.

मसुद्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. सोमवारपासून मी तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात, जुन्या फायलींच्या राज्यात. ते योग्यच झालं, मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. कलम नऊचं काय होणार हे आता मलाही वर्तमानपत्रातूनच कळेल. तपास शाखेचे लोक तुझ्याकडे येतील. खरं ते सांग, तू दुसरं सांगणार नाहीसच.

एक विचारतो, राग मानू नकोस. तुझं कोष्टक चोख आहे. पण त्या गवंड्याचं किती गेलं, हे तुला माहीत आहे का?

दार उघडताना यंत्र कानात घालत जा. मी चुकलो असेन तिथे सांभाळून घे.

गोटू

२४ एप्रिल

चि. गोटू यास अ. उ. आ.

तपास शाखेचे दोघं आले होते. एक बाई आणि एक पोरगेला हवालदार. बाईंनी टॅबलेट पाहिला, फोटो काढले, जबाब घेतला. जबाबातल्या दोन चुका मी दुरुस्त करून दिल्या. ताकीद दिल्याच्या कागदावर सही घेतली आणि जाताना त्या बाईंनी हळूच विचारलं की घरी कोण असतं. मी खाली शिंप्याकडे बोट दाखवलं.

कायदा आला, तूही वाचला असशील. कंपन्या बंद, आणि कलम नऊमधून खेळणारा गेला. “घरी अथवा अन्यत्र” कुठेच नाही. मला आनंद व्हायला हवा होता. अठरा तारखेला चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या हातात दोन एक्के होते, बसचालक हूल देत होता, आणि टॅबलेटचा पडदा पांढरा झाला. तो अजून पांढराच आहे. मला तुरुंग नाही, पण जायला जागाही नाही. आमच्यात फोन नंबर फक्त शिंप्याचा, तोही नर्सकडे. मशीन थांबलं की त्याला फोन आला असेल म्हणून मी कान टवकारते.

गवंड्याचं विचारलंस. माहीत नाही. सकाळी टॅबलेट उघडला तरी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असायचा, दुसऱ्या टेबलांवर. त्याने माझी चौकशी केली, मी त्याची केली नाही. तुझ्या कायद्याचा हात त्याला लागला तर बरं होईल की तो मागच्या दाराने जाईल, हे मला सांगता येत नाही. यावर मी रोज विचार करते.

दुपारी हात शिवशिवतात. सोबत दोन बंद पाकिटं आहेत. पाच-पाच पत्ते, मी पाहिलेले नाहीत. एक ठेव, दुसरं न उघडता परत पाठव. पैजही ठरवून टाकते. तू जिंकलास तर मी निळ्या पडद्यांच्या खोलीत राहायला येते. मी जिंकले तर वर्षभर तू तो विषय काढायचा नाहीस. तीन सारखे आले तर ते कुठल्याही जोडीला मारतात, एवढं ध्यानात ठेव. तू पत्त्यांना हात लावत नाहीस हे मला माहीत आहे. नाही म्हणालास तरी वाईट वाटणार नाही.

सूनबाईंना माझी आठवण दे, आणि थोडी तू ठेव.

आत्या

५ मे

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

पाकिटं पोचली. आठ दिवस कपाटावर ठेवली होती. रविवारी दुपारी तुझी सूनबाई बाहेर गेली, तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं आणि दोन्ही पाकिटं वाफेवर धरली.

एकात तीन राण्या होत्या. दुसऱ्यात सत्त्यांची जोडी. राण्या मी ठेवून घेतल्या, सत्त्या पुन्हा पाकिटात घातल्या आणि पाकीट चिकटवलं. आमच्याकडचा गोंद पांढराच आहे, तुला कळलं नसतं. पत्ता घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. तिथे बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

बूट पुसायला लागू नयेत म्हणून बाबांनी केलं. मला फक्त तू इथे हवी होतीस, पुन्हा दोन तास कुठे पडून राहू नयेस म्हणून. तुझ्या भल्यासाठी मी तुझा डाव आधीच बघून ठेवला. कलम नऊ लिहितानाही माझ्या मनात हेच होतं, वाईट काहीही नव्हतं. दहाही पत्ते सोबत परत पाठवतो आहे. मला लाज वाटते.

शिक्षा तू ठरव. घरी अथवा अन्यत्र.

गोटू

११ मे

चि. गोटू यास अनेक, पुष्कळ आशीर्वाद.

पत्ते पोचले. बावन्न मोजून घेतले. तुझ्या बाबांनी आठ वेळा पाकीट परत पाठवलं, असं पत्र एकदाही पाठवलं नाही. तुझं मी दोनदा वाचलं आणि मग बराच वेळ खिडकीशी बसले. मी तेव्हा हसले नसते, बोलले असते, तर त्यानेही कधीतरी असं लिहिलं असतं, असं वाटत राहिलं.

शिक्षा वगैरे काही नाही. पत्ते पुन्हा पिसले आहेत. पैज तीच. नवी दोन पाकिटं सोबत आहेत.

वाट पाहते.

तुझी आत्या

ता. क. या वेळी पाकिटांना खळ लावलेली नाही.